डांबर मऊ होते, संगमरवर का नाही?

जबलपूरचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना मे महिन्यातल्या डांबरी सडकेची ओळख करून द्यायला नको. पारा ४२-४३ अंशांवर गेला की काळी सडक ६० अंशांच्या आसपास तापते. चपला चिकटतात, सायकलचा स्टँड डांबरात रुततो. त्याच उन्हात भेडाघाटचे संगमरवरी कडे मात्र ताठ उभे असतात. असे का?

संगमरवरात अणू कवायतीतल्या जवानांसारखे रांगेत, शिस्तीत बसलेले असतात. डांबर, काच, लाख यांचे तसे नाही. त्यांच्यातील कण जत्रेतल्या गर्दीसारखे दाटीवाटीने अडकलेले असतात. म्हणून त्यांना ‘अस्फटिकी’ म्हणतात. बर्फ शून्य अंशाला वितळतो, तसा यांचा एकच ठराविक वितळणबिंदू नसतो. ते हळूहळू मऊ होत जातात. लाखेच्या बांगड्या करणारे कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करून तिला हवा तसा आकार देतात, तो याच गुणामुळे.

उष्णतेने या गर्दीत चुळबुळ वाढते. कण एकमेकांवरून सरकू लागतात आणि थोडा दाबही पुरतो. थंडीत तेच कण जखडलेले राहतात. मग जोराचा दाब पडला की पदार्थ वाहत नाही, तडकतो.

वेळेचाही यात वाटा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात प्रा. थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबरासारखी राळ नरसाळ्यात भरली. हातोडीने फुटणारी ही राळ हळूहळू गळत राहिली आणि २०१४ पर्यंत तिचे अवघे नऊ थेंब पडले!

सिग्नलपाशी मालाने लादलेले ट्रक उभे राहतात, तिथेच सडकेवर खोल चाकोऱ्या का पडतात, हे आता लक्षात येईल. उष्णता, वजन आणि वेळ तिथे एकत्र येतात.

पूर्वी आपल्याकडे २५ अंश तापमानाला डांबरात सुई किती रुतते, यावरून त्याची प्रत ठरे. त्यातून भर उन्हाळ्यातले वागणे नीट कळत नसे. २००६ पासून भारतीय मानकात ६० अंशांवरील दाटपणा हा आधार धरला गेला. कडक ऊन आणि जड वाहतूक असेल तिथे ‘व्हीजी-४०’ हे अधिक दाट डांबर वापरतात.

उन्हाळ्यात पडलेल्या चाकोऱ्यांत पावसाळ्यात पाणी साचते आणि दुचाकी घसरते. तेव्हा अशा सडकेवर वेग आधीच कमी करावा आणि चाकोरीतून एकदम तिरकी गाडी काढू नये, हे घरातल्या तरुण मंडळींना आवर्जून सांगा.