बड्या फर्मचे दार नेमके केव्हा उघडते?

मुलगा किंवा मुलगी सीए झाली की एखाद्या मोठ्या फर्ममध्ये नोकरी मिळेल, असे बहुतेक घरांत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात तिथला पहिला दरवाजा सीए होण्याच्या दोन-अडीच वर्षे आधीच उघडतो आणि थोड्याच दिवसांत बंदही होतो. तो केव्हा उघडतो, कोणासाठी उघडतो आणि आत गेल्यावर किंमत काय मोजावी लागते?

सीए इंटरमीडिएटचा निकाल लागतो. घरात पेढे येतात, मामा-मावशींचे फोन सुरू होतात. वडील कौतुकाने म्हणतात, "दोन महिने आराम कर. आर्टिकलशिपचं मग बघू."

हे वाक्य प्रेमापोटी आलेले असते, पण अनेकदा तेच महागात पडते. कारण मोठ्या फर्मना आर्टिकलशिपसाठी मुले हवी असतात ती याच दिवसांत. निकालानंतरच्या काही आठवड्यांत अर्ज मागवले जातात, चाचण्या होतात, मुलाखती होतात आणि जागा भरतातही. दोन महिन्यांनी जागा झालेल्या मुलाच्या हाती मग उरते ती पुढच्या तुकडीची वाट.

बारावीनंतर या वाटेला लागलेला विद्यार्थी तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा असतो. करिअरमधला एवढा मोठा निर्णय इतक्या लवकर आणि इतक्या घाईत घ्यावा लागेल, याची घरात कोणाला कल्पनाच नसते.

चार नावे, दोन शतकांचा इतिहास

'बिग फोर' म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी. यांपैकी डेलॉइटचे मूळ १८४५ साली लंडनमध्ये उघडलेल्या एका छोट्या कार्यालयात आहे. पूर्वी अशा बड्या फर्म आठ होत्या. १९८९ मधल्या विलीनीकरणांनंतर त्या सहा झाल्या आणि १९९८ मध्ये पाच. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीचा घोटाळा बाहेर आला आणि तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगप्रसिद्ध फर्म २००२ मध्ये कोसळली. तेव्हापासून उरल्या त्या चार.

भारतात परदेशी फर्मला थेट लेखापरीक्षण करता येत नाही. त्यामुळे कंपन्यांच्या ताळेबंदांवर सह्या करतात त्या या जाळ्यांशी जोडलेल्या, आपल्याकडे नोंदलेल्या फर्म. ही सही करण्याचा अधिकार सीएंनाच आहे. सीएंची संस्था, म्हणजे 'इन्स्टिट्यूट', १ जुलै १९४९ रोजी संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. पण या क्षेत्रातील स्त्रियांची वाटचाल त्याही आधीची. मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ मध्येच हिशेबनीसाची परीक्षा उत्तीर्ण होऊन देशातील पहिल्या महिला लेखापाल ठरल्या होत्या. तेव्हा "मुलीला हे झेपेल का?" हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे!

पहिला दरवाजा : आर्टिकलशिप

२०२३ पासून सीएचा अभ्यासक्रम बदलला. पूर्वी इंटरमीडिएटचा एक ग्रुप सुटला तरी आर्टिकलशिप सुरू करता येत असे. आता दोन्ही ग्रुप उत्तीर्ण व्हावे लागतात. प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के गुण ही उत्तीर्ण होण्याची अट. आर्टिकलशिप तीन वर्षांची होती, ती दोन वर्षांची झाली. त्यानंतर फायनलच्या अभ्यासासाठी सहा महिने मिळतात.

कालावधी घटल्यामुळे ही दोन वर्षे कुठे घालवायची, याला अधिक महत्त्व आले आहे. एकदा नोंदणी झाली की मनात येईल तेव्हा फर्म बदलता येत नाही. त्याला नियम आहेत, कारणे द्यावी लागतात.

म्हणून तयारी निकालाआधीच हवी. एका पानाचा नेटका बायोडाटा तयार ठेवावा. इन्स्टिट्यूटच्या आर्टिकलशिपविषयक पोर्टलवर नाव नोंदवावे. संगणक आणि संभाषण-कौशल्याचे सक्तीचे वर्ग वेळेत उरकावेत, कारण त्यांच्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही. एक्सेल चांगले यायला हवे. पहिल्या प्रयत्नात दोन्ही ग्रुप सुटलेल्या विद्यार्थ्यांना बड्या फर्ममध्ये सहसा झुकते माप मिळते, हेही खरे.

मुलाखतीत काय विचारतात?

अनेक मुलांना इथे इंग्रजीची धास्ती असते. कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे साधे, स्वच्छ इंग्रजी बोलता यायलाच हवे. पण छोट्या गावातून आलेली मुले मागे पडतात ती उच्चारांमुळे कमी आणि पाठांतरामुळे जास्त. मुलाखत घेणाऱ्याला व्याख्या नको असते, विचार हवा असतो.

उदाहरणार्थ, "घसारा काढला तर कंपनीची रोख रक्कम कमी होते का?" असा साधा प्रश्न येतो. नफा कमी होतो, म्हणून रोखही कमी होत असेल, असे घाईत उत्तर देणारे फसतात. घसाऱ्यासाठी त्या दिवशी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. ते यंत्र घेतानाच दिलेले असतात. दुसरा प्रश्न शिल्लक मालाचा. वर्षअखेरीस गोदामात पडलेल्या मालाची किंमत कोणती धरायची? खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांत जी कमी असेल ती. ज्याच्या घरी किराणा किंवा कापडाचे दुकान आहे, त्याने हे लहानपणापासून पाहिलेले असते. दिवाळी उलटल्यावर उरलेल्या फटाक्यांची किंमत खरेदीच्या भावाने कोण धरील? असे उदाहरण स्वतःच्या शब्दांत सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

आणि एखादे उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पण मी असा विचार करीन" असे सरळ सांगावे. या व्यवसायात थाप मारणारा नको असतो.

त्याचे कारण सत्यम प्रकरणात सापडते. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनीच कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँकेतील शिल्लक मुळात नव्हतीच. बँकेने दिलेले शिल्लक रकमेचे पत्र खरोखर बँकेकडूनच आले आहे ना, हे पाहणे किती मोलाचे असते, ते सगळ्या देशाला तेव्हा समजले. गंमत म्हणजे अशी पत्रे मागवण्याचे आणि जुळवण्याचे काम बहुधा विशीतल्या आर्टिकलच्या वाट्याला येते. कंटाळवाणे वाटणारे हे काम किती भाग-भांडवलदारांच्या बचतीची राखण करते, हे ज्याला कळले, तो या धंद्यात टिकतो.

घरानेही तयार राहायला हवे

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. म्हणजे ज्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे लग्नसराई असते, त्याच काळात ऑडिटवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. चुलतबहिणीच्या हळदीला मुलगा पोचला नाही तर रुसू नये. रात्री उशिरा घरी येणाऱ्या मुलीची काळजी जरूर करावी, पण दारातच उलटतपासणी नको.

दुसरी गोष्ट शेअर्सची. ज्या कंपनीचे हिशेब तपासायचे, तिचे शेअर्स लेखापरीक्षकाला बाळगता येत नाहीत. बड्या फर्म आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याहून कडक नियम लावतात आणि गुंतवणुकीची माहिती लिहून घेतात. कधी जवळच्या नातेवाइकांच्या गुंतवणुकीचीही विचारणा होते. तेव्हा मुलाने शेअर्सची माहिती विचारली तर वडिलांनी "तुला काय करायचंय?" म्हणून झिडकारू नये. आणि "तुमच्या त्या कंपनीचा निकाल कसा लागणार?" असे त्याला चुकूनही विचारू नये. ते सांगणे गुन्हा ठरू शकते.

तिसरी गोष्ट तब्येतीची. या क्षेत्रातला कामाचा ताण २०२४ मध्ये देशभर चर्चेचा विषय झाला. मोठ्या नावाच्या ओढीने मुले त्रास सांगत नाहीत. घरच्यांनी एवढा अभिमान मिरवलेला असतो, की "मला जमत नाही" म्हणायची त्यांना लाज वाटते. झोप उडाली, जेवण तुटले, चिडचिड वाढली, तर प्रश्न नोकरीचा नाही, मुलाचा आहे, हे पालकांनी आधी ओळखावे. परत यायला घराचे दार उघडे आहे, हे त्याला बोलून दाखवावे.

पहिला दरवाजा हुकला तर?

बिघडत काहीच नाही. दुसरा दरवाजा सीए झाल्यावर उघडतो. इन्स्टिट्यूट दरवर्षी नव्या सीएंसाठी कॅम्पस मुलाखती भरवते. तिथे मोठ्या फर्मही येतात आणि कंपन्या-बँकाही. छोट्या फर्ममध्ये शिकलेल्या मुलाकडे तेव्हा एक वेगळी शिदोरी असते. बड्या फर्ममधला आर्टिकल एखाद्या प्रचंड कंपनीच्या फक्त स्थावर मालमत्तेची तपासणी महिनोन्महिने करीत असतो. गावातल्या सीएकडे शिकणाऱ्याने मात्र एकाच व्यापाऱ्याचे हिशेब, जीएसटी आणि आयकर विवरणपत्र हे सगळे आपल्या हाताने केलेले असते. मुलाखतीत हा अनुभव दबून न जाता मांडावा.

तिसरा मार्ग सीए नसलेल्यांसाठी. बी.कॉम. झालेल्या मुलांनाही हैदराबाद, बंगळुरूसारख्या शहरांतील या फर्मच्या केंद्रांत करविषयक व लेखापरीक्षण-साहाय्याची कामे मिळतात. ब्रिटनच्या एसीसीए किंवा अमेरिकेच्या सीपीए परीक्षेचा तिथे उपयोग होतो. मात्र या पदव्यांवर भारतात लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही, हे लाखो रुपये फी भरण्याआधी नीट समजून घ्यावे. "अमुक इतके भरा, बिग फोरचे पत्र आणून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला तर उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. या फर्म नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

तेव्हा निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटावेत. पण त्याच संध्याकाळी मुलाला जवळ बसवून दोन प्रश्न विचारावेत : बायोडाटा तयार आहे का? आणि तुला स्वतःला तिथे जायचे आहे का? पहिल्याचे उत्तर "हो" असले की दार वेळेवर ठोठावता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याचे त्यालाच देऊ द्यावे. आत जाऊन दिवस-रात्र काम करायचे आहे ते त्याला. पाटीवरचे नाव कितीही मोठे असले, तरी खाली सही करणारा हात त्याचाच असणार आहे.