गेंड्याचं साडेचार टक्क्यांचं गणित

2007 साली दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकाऱ्यांनी 13 गेंडे मारले. पुढच्या वर्षी 83. मग 122, 333, 448, 668, 1,004 आणि 2014 साली 1,215. सात वर्षांत 93 पट. वर्षाला 1,215 म्हणजे दर सव्वासात तासांनी एक गेंडा. त्यानंतर आकडा उतरत गेला, पण 2024 मध्येही तो 420 होता. 2008 ते 2024 या 17 वर्षांची बेरीज मी करून पाहिली, ती 10,700 च्या आसपास भरते. आज साऱ्या जगात पाचही जातींचे मिळून साधारण 26,700 गेंडे उरलेत. म्हणजे आजच्या सगळ्या गेंड्यांच्या 40 टक्के भरतील एवढे गेंडे एकाच देशात, एका पिढीच्या डोळ्यांदेखत मारले गेले.

त्यातलं सर्वांत मोठं रान क्रूगर राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ 19,485 चौरस किलोमीटर, आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून मोठं. 2011 साली तिथे पांढरे गेंडे 10,621 होते. 2020 मध्ये 2,607 उरले. मधल्या दुष्काळाचाही त्यात हात होता, पण मुख्य घाव बंदुकीचा आणि कुऱ्हाडीचा. शिकारी चांदण्या रात्री येतात, गोळी घालतात आणि जनावर पुरतं मेलं की नाही हेही न पाहता शिंगाच्या मुळाशी कुऱ्हाड चालवतात. शिंग कवटीतून उगवत नाही, ते कातडीवर वाढतं. तरी मुळाजवळचा शेवटचा तुकडाही हातचा जाऊ नये म्हणून ते अर्धा चेहराच उतरवून नेतात. मादीबरोबर पिल्लू असेल तर ते तिथेच घुटमळत राहतं.

हे कशासाठी, तर केराटिनसाठी. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात तोच हा पदार्थ. त्याने कर्करोग बरा होतो अशी आवई व्हिएतनाममध्ये उठली, शिंगाची पूड बाळगणं श्रीमंतीची खूण ठरलं, आणि 2012-13 च्या सुमारास किलोला 60 हजार डॉलर भाव बोलला जाऊ लागला. त्या वेळी सोनंही साधारण त्याच भावात होतं. पांढऱ्या गेंड्याच्या दोन शिंगांचं वजन पाच किलो धरलं तर तीन लाख डॉलर एका जनावराच्या नाकावर. सरहद्दीपलीकडच्या मोझांबिकमधल्या खेड्यातून जो पोरगा बंदूक घेऊन कुंपण ओलांडतो, त्याच्या हाती यातला अगदी लहान वाटा पडतो. तरीही तो त्याच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढा असतो.

हे आकडे छाती दडपणारे आहेत खरे. पण गेंडा जगणार की नाही हे ठरवणारा आकडा याहून फार लहान आहे, आणि त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडचा पांढरा गेंडा शंभराच्याही खाली आला होता. उरलेसुरले क्वाझुलू-नाताळमधल्या एका रानात होते. 2012 च्या सुमारास त्यांचे 21 हजार झाले होते. तिकडे आसामात 1905 साली काझीरंगाला संरक्षण देण्याची हालचाल सुरू झाली तेव्हा तिथे जेमतेम डझनभर एकशिंगी उरल्याचं सांगतात. 2022 च्या गणनेत ते 2,613 भरले. दोन खंड, दोन वेगळ्या जाती, दोन्हीकडे सुमारे 117 वर्षांचा काळ, आणि दोन्हीकडे वाढ दोनशे पटींहून थोडी जास्त. सुरुवातीचे आकडे अंदाजाचे आहेत हे धरूनही चक्रवाढीने हिशेब केला तर दोन्हीकडे उत्तर एकच येतं: वर्षाला साधारण साडेचार टक्के. पोस्टाच्या बचत खात्यावर मिळतं जवळपास तेवढंच हे व्याज.

यापेक्षा वेग फारसा वाढत नाही, कारण गेंड्याच्या मादीची घडणच तशी आहे. ती वयात यायलाच सहा-सात वर्षं लागतात. गर्भ सोळा महिने पोटात राहतो. एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं व्हायला अडीच ते तीन वर्षं, कधी त्याहून जास्त. हरणाचा कळप दोन चांगल्या पावसाळ्यांत भरून निघतो. गेंड्यांचा कळप भरून निघायला माणसाची एक पिढी जाते.

आता हा साडेचारचा आकडा मनात धरून शिकारीकडे पाहा. 2015 साली आफ्रिकेतले 5.3 टक्के गेंडे शिकाऱ्यांनी मारले. व्याजापेक्षा उचल जास्त, म्हणजे मुद्दल खाल्लं जाणारच. 2024 मध्ये हेच प्रमाण 2.15 टक्क्यांवर आलं. वाचवण्याचा प्रत्येक उपाय मी याच मापाने पाहते: शिकारीचा टक्का जन्माच्या टक्क्याखाली ठेवण्याचं बळ त्यात आहे का, आणि किती वर्षं?

पहिला उपाय बंदुकीचा. 2013 आणि 2014 या दोन्ही वर्षी काझीरंगात 27-27 गेंडे मारले गेले. आसाम सरकारने 2010 सालीच वनरक्षकांना गोळीबाराबद्दलच्या खटल्यांपासून कायद्याचं कवच दिलं होतं. 2015 साली उद्यानात 20 हून अधिक माणसं वनरक्षकांच्या गोळ्यांनी मेली आणि त्याच वर्षी शिकाऱ्यांनी मारलेले गेंडे होते 17. पुढच्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा पायात गोळ्या लागून जन्माचा अधू झाला. 2022 मध्ये आसामात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही, 1977 नंतर पहिल्यांदाच, आणि या यशाचा मला मनापासून आनंद आहे. पण काठावरच्या गावातल्या मुलाच्या पायातून जाणारी गोळी त्या यशाची किंमत म्हणून मला मान्य नाही. रानाभोवतीचा माणूस वैरी झाला की शिकाऱ्याची खबर द्यायला कुणी उरत नाही, आणि गेंडा वाचवायचा तर ही खबर सर्वांत मोलाची.

दुसरा उपाय शिंगच कापून टाकायचा. हेलिकॉप्टरमधून बेशुद्धीचं इंजेक्शन मारतात. दीड-दोन टनांचं धूड झोकांड्या खात बसतं. डोळ्यांवर पट्टी बांधतात, कानांत बोळे घालतात. कापायची रेघ शिंगावर आखून घेतात, कारण मुळाशी जिवंत थर असतो आणि करवत तिथवर गेली तर जनावराला इजा होते. मग चेनसॉ चालते आणि पांढरा भुगा उडतो. खुंटाच्या कडा घासून गुळगुळीत करतात, उतारा टोचतात, आणि थोड्या वेळात गेंडा उठून चालू लागतो. दीड-दोन वर्षांनी हे सारं पुन्हा, कारण शिंग वाढतच राहतं.

याचा हिशेब 2025 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. क्रूगरच्या परिसरातल्या 11 राखीव क्षेत्रांत 2017 ते 2023 या काळात 1,985 गेंडे मारले गेले, म्हणजे वर्षाला साडेसहा टक्के. साडेचारच्या कितीतरी वर! गेंडे राखण्यावर तिथे 7.4 कोटी डॉलर खर्च झाले, सुमारे 700 शिकारी पकडलेही गेले. पण शिकार खरी घटली ती शिंगं कापल्याने. आठ क्षेत्रांत 2,284 गेंड्यांची शिंगं कापली आणि शिकार 78 टक्क्यांनी उतरली. त्याला खर्च आला एकूण रकमेच्या फक्त 1.2 टक्के.

तरीही खुंटासाठी 111 गेंडे मारलेच. आणि शिंग हा काही दागिना नव्हे. काळ्या गेंड्यांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की शिंग कापल्यावर त्यांचा वावर सरासरी 45 टक्क्यांनी आकसतो, ते एकमेकांच्या वाटेला कमी जातात. हत्यार गेलेलं जनावर बिचकून वागतं. म्हणून शिंगकापणी ही आणीबाणीतली शस्त्रक्रिया समजावी. रोगी वाचवायला ती करावीच, पण तिलाच आरोग्य समजू नये.

तिसरा उपाय विक्रीचा, आणि यावर सर्वांत कडाक्याचं भांडण आहे. शिंग परत वाढतं, मग कापून उघड विकावं, भाव पडेल, शिकारीत राम उरणार नाही, असं काही गेंडापालक म्हणतात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1977 पासून बंदी आहे. जॉन ह्यूम या दक्षिण आफ्रिकी माणसाने बंदी उठण्याच्या आशेवर तब्बल 2,000 पांढरे गेंडे पाळले. त्याने 2023 च्या एप्रिलमध्ये सारा कळप लिलावात काढला, बोली एक कोटी डॉलरपासून. एकही बोली आली नाही.

हा विक्रीचा हिशेब मीही मांडून पाहिला. जगात पांढरे गेंडे 15,752. प्रत्येकाचं शिंग वर्षाला साधारण किलोभर वाढतं असं धरू, आणि एकूण एक गेंड्याचं शिंग कापलं असंही धरू. वर्षाला सोळा टनांहून कमीच. चीन आणि व्हिएतनामची लोकसंख्या मिळून दीडशे कोटी. त्यातल्या शंभरातल्या एकालाच पूड हवीशी वाटली तरी गिऱ्हाइकं दीड कोटी, आणि वाट्याला माणशी एक ग्रॅम. एवढ्या पुरवठ्याने भाव पडेल यावर माझा विश्वास नाही. उलट उघड बाजार मांडला की ज्यांना आज लाज वाटते तेही विकत घेतील, आणि चोरीचं शिंग कायदेशीर कागदाआड खपेल.

म्हणूनच 22 सप्टेंबर 2021 रोजी आसामने बोकाखातला जे केलं ते मला योग्य वाटतं. सरकारी खजिन्यांत वर्षानुवर्षं पडून असलेली 2,479 शिंगं भट्ट्यांत जाळून टाकली. वजन 1,305 किलो. 2013 चा भाव लावला तर 570 कोटी रुपयांच्या घरातला माल. जाळल्याने तुटवडा होऊन भाव चढेल अशी टीका झाली. पण जे सरकार शिंगाचा साठा जपून ठेवतं ते मनातून त्याला किंमत देतच असतं, आणि खजिन्यातल्या शिंगाला पाय फुटायलाही वेळ लागत नाही.

जिथे मुद्दलच लहान आहे तिथे तर चुकीला जागाच नाही. व्हिएतनाममधला शेवटचा जावा गेंडा 2010 साली कॅट तिएनच्या जंगलात मेलेला सापडला, पायात गोळी, शिंग गायब. आता ही जात फक्त इंडोनेशियातल्या उजुंग कुलोनमध्ये आहे. तिथल्या टोळ्यांनी अलीकडच्या काही वर्षांत 26 गेंडे मारल्याची कबुली दिली. आज तिथे सुमारे 50 उरलेत. पन्नासाचे साडेचार टक्के म्हणजे वर्षाला दोन पिल्लं.

उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याला तर शिरकाणच नडलं. शेवटचा नर सुदान 2018 च्या मार्चमध्ये केनियात मेला. उरल्या त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू, दोघींनाही पिल्लू पोटात वाढवता येत नाही. शास्त्रज्ञ फातूची बीजांडं घेऊन प्रयोगशाळेत गर्भ तयार करतायत. असा गर्भ दुसऱ्या मादीच्या पोटात रुजू शकतो का हे पाहायला आधी दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याचाच गर्भ त्याच जातीच्या एका मादीत सोडला. तो रुजला, 70 दिवसांचा आणि 6.4 सेंटिमीटरचा झाला, आणि मातीतल्या जंतूंच्या संसर्गाने ती मादीच दगावली.

हे उत्तरेकडचे गेंडे कधीकाळी काँगोतल्या गारांबा उद्यानात हिंडत. 1984 साली ते 15 होते, राखणीने तीसच्या वर गेले, मग युद्ध आणि शिकारीत संपले. त्याच गारांबात 2023 च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतून 16 पांढरे गेंडे नेऊन सोडले. ह्यूमचे 2,000 गेंडेही आता आफ्रिकन पार्क्स या संस्थेने घेतलेत आणि ते दहा वर्षांत रानोरान सोडण्याचा तिचा बेत आहे. साडेचार टक्क्यांनी गारांबातल्या 16 चे 100 व्हायला सुमारे 42 वर्षं लागतील, म्हणजे 2065 साल उजाडेल. तोवर तिथल्या वनरक्षकांचा पगार दर महिन्याला वेळेवर झाला पाहिजे, आणि त्या पगाराची सोय आज कुठल्याही सरकारने 2065 पर्यंत केलेली नाही.