पाडव्याचे फासे

दिवाळीचा पाडवा म्हणजे ओवाळणी, नवी खरेदी आणि व्यापाऱ्यांच्या वहीपूजनाचा दिवस, एवढेच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. पंचांगात मात्र त्या तिथीला आणखी एक नाव आहे : द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळले अशी कथा आहे, आणि या दिवशी जो जिंकेल त्याचे सारे वर्ष जिंकण्यात जाईल अशी समजूत आहे. शकुन पाहण्यापुरते दोन डाव टाकावेत आणि उठावे, एवढाच त्याचा अर्थ.

आमचे आजोबा उठले नाहीत. चार एकर ओलिताचे वावर त्यांनी अशाच एका पाडव्याच्या रात्री घालवले.

पुढे वडिलांनी त्याच वावरात सालदारकी केली आणि घरात फासा म्हणून येऊ दिला नाही. सापशिडी आम्ही भावंडे खेळलो ती शेजाऱ्यांच्या ओसरीवर. एकदा माझ्या खिशात फासा सापडला तेव्हा तो विहिरीत गेला आणि मी उपाशी झोपलो. वडील आता नाहीत; पण नियम आहे, आणि तो राखायला आई आहे.

अशा घरात गेल्या दिवाळीला माझ्या पुतण्याने, पुण्याहून येताना, एक जाडजूड खोके आणले आणि पाडव्याच्या दुपारी माजघरात सतरंजीवर त्यातून खळ्कन फासे ओतले. सहा बाजूंचे होते, बारा बाजूंचेही होते. आईच्या हातातली करंजी ताटातच राहिली.

"कोनं आनले हे घरात? वावर गेलं तरी डोये उघडले नाही का तुमचे?"

"आजी, यात पैसे लावत नाहीत," पुतण्या म्हणाला. "यात कोणी हरत नाही, कोणी जिंकतही नाही."

"मंग खेयता कायले?"

वाचकहो, प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर मला मिळाले ते रात्री दहाच्या सुमारास. तोवर काय काय घडले ते सांगतो.

पुस्तकातून उठलेला खेळ

आमचे घर गुरुकुंज मोझरीला. अमरावतीहून नागपूरकडे निघालात की वाटेवरच हे गाव लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांची समाधीही इथेच आहे. अशा गावी इंग्लंडच्या एका प्राध्यापकाची परीकथा फाशांच्या वाटेने येऊन पोहोचावी, याची मला मोठी मौज वाटली.

ते प्राध्यापक म्हणजे जे. आर. आर. टोल्किन. ऑक्सफर्डच्या विद्यापीठात ते जुनी इंग्रजी भाषा शिकवीत. भाषा शिकवणारा माणूस फार तर व्याकरण लिहितो; यांनी नव्या भाषाच रचल्या आणि त्या बोलणाऱ्या लोकांसाठी डोंगर, नद्या, राजवंश आणि लढाया निर्माण केल्या. १९३७ साली 'द हॉबिट' आले. १९५४-५५ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन भाग आले. हॉबिट म्हणजे आपल्या कमरेइतक्या उंचीचा, केसाळ पायांचा, खाण्यापिण्याचा शौकीन गृहस्थ. असा घरकोंबडा जीव जगाचे भवितव्य खांद्यावर घेऊन निघतो, ही त्या कथेतली खरी नवलाई.

वाचकाला नुसते वाचून पुरेनासे झाले तेव्हा खेळ जन्मला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्यात प्रत्येक खेळाडूने एकेका पात्राचे सोंग घ्यायचे. मात्र रंगभूषा नाही, रंगमंच नाही, नुसत्या बोलण्याने. आपल्या विदर्भातल्या दंडारीत सोंगाड्या उभ्या उभ्या संवाद रचतो ना, तसेच. फक्त इथे सगळे बसून. पुढे त्याच धर्तीवर टोल्किनच्या जगातले खेळ निघाले. पुतण्याने आणला होता त्याचे नाव 'द वन रिंग'. फ्रान्चेस्को नेपितेल्लो या इटालियन रचनाकाराचा हा खेळ २०११ साली प्रथम बाहेर पडला आणि आता त्याची दुसरी आवृत्ती चालू आहे.

खेळाची रीत अशी. एकजण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो : संध्याकाळ झाली आहे, पूर आला आहे, पलीकडच्या काठावर कुणीतरी कण्हते आहे, काय करता? बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. प्रवासात कामे वाटून घ्यायची असतात : एकाने वाट दाखवायची, एकाने शिकार आणायची, एकाने पहारा ठेवायचा, एकाने पुढे जाऊन टेहळणी करायची. साधी गोष्ट असेल तर ती बोलण्यानेच घडते. अवघड असेल तर फासे टाकायचे. बारा बाजूंच्या फाशावर एक ते दहा आकडे, उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीवर शुभ खूण आणि दुसरीवर वैऱ्याचा डोळा. त्याच्या जोडीला, ज्याचे जेवढे कसब तेवढे साधे फासे. सगळ्यांची बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त भरली की काम फत्ते.

मला गुंतवले ते पात्राच्या कागदावरच्या दोन खणांनी. एकात 'होप', दुसऱ्यात 'शॅडो'. माझ्या मुलीने लगेच मराठी केले : आस आणि सावली. भयाने, लोभाने, दुष्कृत्याने सावली वाढते. ती आशेच्या बरोबरीला आली की पात्र खचते, आणि मग डोळा पडला की डाव गेलाच समजा. आस मात्र खर्च करता येते. खर्चली की एक फासा जास्त मिळतो. तीही केवळ स्वतःसाठी नव्हे. सोबती अडला असेल तर आपल्या गाठीची आस मोडून त्याला फासा मिळवून देता येतो.

तो नियम मी पुतण्याला दोनदा वाचायला लावला.

विदर्भाचा जावई

कारण मला नळ आठवला. मराठीच्या मास्तराला नळ आठवणे काही नवल नव्हे. पण मोझरीत बसून तो अधिक आठवतो. नळाची दमयंती विदर्भाची राजकन्या, माहेर कुंडिनपूर. आणि ते कुंडिनपूर म्हणजे वर्धेकाठचे कौंडण्यपूर असे आम्ही मानतो. ते आमच्याच तिवसा तालुक्यात आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून लोक तिथे यात्रेला जातात. फाशांनी उद्ध्वस्त झालेल्या राजाची सासुरवाडी म्हणून कोणी जात नाही.

महाभारताच्या वनपर्वात ही कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात. तोही बिचारा फाशांवर सर्वस्व घालवून वनात आलेला. नळाच्या अंगात कली शिरला, फाशांत द्वापर शिरला, आणि नळ भाऊ पुष्कराशी खेळत बसला. नगरातले लोक, अमात्य दाराशी आले. दमयंतीने रडून विनवले. नळाने मान वर केली नाही. मला नेहमी वाटत आले आहे, की त्या दालनात इतकी माणसे असूनही नळ एकटा होता. फासा हातात आला की माणूस एकटा पडतो. आमचे आजोबाही ओसरीभर माणसांत एकटेच बसले असणार.

नळाची सुटका होते तीही गमतीदार आहे. सारथ्याच्या वेशात तो राजा ऋतुपर्णाला घेऊन कुंडिनपुराकडे निघालेला असतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने नि फळे नजरेनेच मोजून सांगतो. नळ खाली उतरून पडताळतो, तर हिशेब बरोबर! मग तो ऋतुपर्णाला घोड्यांची विद्या देऊ करतो आणि त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, घेतो. त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. बेहड्याच्या बियाच पूर्वी फासे म्हणून वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे तो प्रसंग किती नेमका आहे ते कळते. गणित समजले की भूत उतरले! दोन साधे फासे टाकले तर छत्तीस तऱ्हा संभवतात. त्यांतल्या सहांत बेरीज सात येते, बारा मात्र एकाच तऱ्हेने. एवढे आजोबांना कुणी सांगितले असते तर? पण नुसत्या गणिताने तरी ते उठले असते का, याची मला शंका आहे.

पाण्यापलीकडे

संध्याकाळी आश्रमातली सामुदायिक प्रार्थना आटोपली, जेवणे झाली आणि आम्ही बसलो. पुतण्या सूत्रधार, माझी मुलगी, माझी पत्नी, शेजारचा नववीतला मुलगा. आणि चौथा गडी कमी पडत होता म्हणून मी. मला एक म्हातारा हॉबिट दिला. आईने आमच्याकडे पाठ करून खाटेवर अंग टाकले.

तासाभराने आमचे टोळके एका पुराच्या नदीपाशी अडकले. पलीकडे एक जखमी मुलगा. दोर घेऊन कोणीतरी पाण्यात उतरायला हवे होते. ज्याला पोहता येत नाही त्या हॉबिटचे नाव मी का घातले, ते मला आजही सांगता येत नाही.

"काका, चौदा हवेत," पुतण्या म्हणाला. "तुम्हांला बाराचा एक आणि साधे दोन फासे."

फासे मुठीत घेतले. वाचकहो, मी वर्गात शंभर मुलांसमोर उभा राहणारा माणूस. पण त्या प्लास्टिकच्या तुकड्यांनी माझ्या तळहाताला घाम फुटला. चाळीस वर्षांच्या आयुष्यात घरात फासा टाकण्याची ती माझी पहिली वेळ. विहीर आठवली. माझी मूठ उघडेना.

तेवढ्यात शेजारचा तो मुलगा म्हणाला, "थांबा. माझी आस घ्या." त्याने आपल्या कागदावरचा एक आकडा खोडला आणि तिसरा फासा माझ्यापुढे सरकवला. त्याच्याजवळ शेवटच्या दोनच उरल्या होत्या.

मी टाकले. बाराच्या फाशावर पाच. साध्यावर तीन, दोन. दहाच झाले. तिसरा फासा सतरंजीच्या सुरकुतीत अडखळला, कलला आणि चारावर थांबला.

चौदा!

माजघरात असा गलका झाला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. पुतण्या पुढे सांगू लागला : दोर ताणला गेला, म्हातारा गटांगळ्या खात पलीकडे लागला...

"पोरगं जित्तं हाय ना पन?" खाटेवरून आवाज आला.

आई आमच्याकडे तोंड करून बसली होती. केव्हापासून, ते कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

या खेळात उणीव नाही असे मी म्हणणार नाही. पुस्तक इंग्रजी, किंमत भारी, आणि एक डाव चार-चार तास चालतो. परक्या जगाचे डोंगर पाठ करणाऱ्या आमच्या मुलांना सातपुड्याची शिखरे सांगता येत नाहीत, हे माझे मास्तरी गाऱ्हाणे आहेच. कौंडण्यपुरापासून निघालेला, नळाच्या वनवासाचा असा खेळ आपल्यातल्या कुणी का रचू नये? साहित्य तर सारे घरचेच आहे : वन, सर्प, कली, बेहड्याचे झाड. फक्त नळाच्या हाती फासे द्यायचे तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या दमयंतीला एक फासा द्यायला विसरू नये.

आईच्या दुपारच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला त्या रात्री दिले नाही. तिने ते मागितलेही नाही. दिवे मालवायला उठली तेव्हा फासे तसेच सतरंजीवर पडलेले होते. वाकून तिने ते एकेक करून वेचले, मोजले, डब्यात भरले आणि डबा देवघराखालच्या कपाटात ठेवला.

"सकायी कोनाच्या पायाखाली येतीन," ती म्हणाली. मग दाराशी थांबून पुतण्याला विचारले, "उद्या भाऊबीजेचं जेवन झालं का बसता ना?"