गाठ फॉर्मेलिनमध्ये पडली केव्हा?

पिंपळगाव बसवंतच्या एका वाचकाने विचारलं आहे : स्तनातली गाठ इकडे काढली आणि तपासायला मुंबईला पाठवली, तर ‘ईआर’चा रिपोर्ट चुकू शकतो का? चुकू शकतो, पण दोष सहसा अंतराचा नसतो.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पेशीतलं इस्ट्रोजेन धरून ठेवणारं प्रथिन. ते असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी काम करते. शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेनचा माग काढत ते हुडकलं. पण त्या पद्धतीच्या चाचणीला ताजी गोठवलेली गाठ लागे. मग त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या जेफ्री ग्रीन यांनी वासरांच्या गर्भाशयातला रिसेप्टर सशांना टोचून १९७७मध्ये प्रतिपिंडं मिळवली. १९८०मध्ये मानवी रिसेप्टरला नेमकी चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडं तयार झाली. तो रिसेप्टर मिळाला ‘एमसीएफ-७’ पेशींतून. सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस मॅलन या अमेरिकन ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून वाढवलेल्या या पेशी! पेशींच्या नावात त्या वाढवणाऱ्या संस्थेची आद्याक्षरं आहेत, सिस्टरचं नाव नाही, याची मला खंत वाटते.

आणि या प्रतिपिंडांनी काय केलं पाहा. इस्ट्रोजेन भेटल्यावरच रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात शिरतो, असा जेन्सन यांचा सिद्धान्त होता. १९८४मध्ये ग्रीन आणि विल्यम किंग यांनी प्रतिपिंडांनी पेशी रंगवल्या, तर रिसेप्टर आधीपासूनच केंद्रकात! गुरूच्या प्रयोगशाळेत घडलेल्या हत्याराने गुरूचाच सिद्धान्त खोडला.

आजची ईआर चाचणीही अशा प्रतिपिंडांवरच चालते. पण प्रथिनच विरून गेलं, तर प्रतिपिंड चिकटणार कशाला? तोडलेली द्राक्षं प्री-कूलिंगविना उन्हात राहिली तर पुढचं शीतगृह कितीही चांगलं असो, उपयोग नाही, गाठीचंही तसंच. ती तासाभरात चिरून भरपूर फॉर्मेलिनमध्ये पडायला हवी आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवी. नुसती बरणीत बुडवलेली अख्खी गाठ आतून कुजते.

टाटा मेमोरिअलच्या संगीता देसाई आणि सहकाऱ्यांनी २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईआर पॉझिटिव्ह सुमारे एक तृतीयांशच होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. आपल्या रुग्ण तुलनेने तरुण, हे एक कारण आहेच. पण सगळा फरक वयावर ढकलणं मला पटत नाही. फॉर्मेलिनच्या हेळसांडीचा वाटा त्यात नक्की असणार.

म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पॅथॉलॉजिस्टना विचारा : त्याच स्लाइडवर शेजारच्या निरोगी दुग्धनलिका रंगल्या होत्या का? त्याही कोऱ्या असतील तर त्या निगेटिव्हवर विसंबू नका. शस्त्रक्रियेआधीच्या सुईच्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक बहुधा जपलेला असतो, त्यावर चाचणी पुन्हा करता येते.