सीताफळ एका बाजूला का चेपतं?

पावसाळा सरता सरता बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या बाजारात बालाघाटाच्या डोंगरातल्या सीताफळांच्या पाट्या येऊ लागतात. गिऱ्हाईक फळ हातात फिरवून पाहतं आणि एका अंगाने चेपलेलं निघालं की बाजूला सारतं. ते फळ रोगटच असतं असं नाही. बरेचदा खोट तीन-चार महिन्यांपूर्वीच्या फुलातच असते.

सीताफळाचं फूल हिरवट, जाड पाकळ्यांचं आणि खाली मान घातलेलं. कुणी वळून पाहणार नाही असं. त्याच्या मधोमध पुष्कळ सुटे स्त्रीकेसर दाटीने बसलेले असतात आणि प्रत्येकात बीजांड एकच. फळावरचा एकेक डोळा म्हणजे असा एकेक स्त्रीकेसर. परागकण पोचून फलन झालं तर तो फुगतो, गर धरतो. बऱ्याच स्त्रीकेसरांचं फलन हुकलं की तेवढी बाजू दबून राहते.

आणि हुकणं सोपं आहे. हे फूल आधी मादी असतं, मग नर होतं. स्त्रीकेसराचं टोक, म्हणजे कुक्षी, ओलसर, चिकट असते तेव्हा पुंकेसर मिटलेले असतात. ते उकलतात तोवर कुक्षीचा काळ बहुधा सरलेला असतो. पराग दुसऱ्या फुलातून यायला हवा, आणि तो आणतात पाकळ्यांच्या फटीतून शिरणारे बारके भुंगेरे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कुक्षी लवकर सुकते, म्हणून तेव्हाची बरीच फुलं गळतात आणि पावसाची ओल आल्यावर फळधारणा सुधारते. भुंगेऱ्यांवर भरवसा न ठेवणारे बागायतदार नर अवस्थेतल्या फुलांचा पराग गोळा करून मादी अवस्थेतल्या फुलांवर ब्रशने लावतात. काम किचकट, पण फळ गोल धरतं.

बिया थुंकून कंटाळलेल्यांसाठी फुलापासून बी घडण्याच्या शास्त्रात, म्हणजे भ्रूणविज्ञानात, आणखी एक गोष्ट आहे. सीताफळाच्या बीजांडाला एरवी दोन आवरणं असतात. थाई सीडलेस या बिनबियांच्या वाणात बाहेरचं आवरण तयारच होत नाही, म्हणून बी धरत नाही. त्याचं कारण स्पेन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११मध्ये मांडलं: त्या झाडात ‘आयएनओ’ नावाचं जनुकच गायब आहे. प्रयोगशाळांतल्या अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात हे जनुक आधीच ओळखीचं होतं.

बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. तरी इथल्याही वनस्पतिशास्त्राच्या वर्गात भ्रूणविज्ञान म्हणजे पाठ केलेली आकृती आणि वर्षानुवर्षं घासलेली स्लाइड, हे चित्र माझ्या मते बदलायला हवं. एकाच फांदीवरची एक जेमतेम फट पडलेलं आणि एक पूर्ण उमललेलं अशी दोन फुलं घ्या, ब्लेडने उभी चिरा, भिंगाखाली धरा. मादी-नर फरक समोर दिसतो. परागनलिका बीजांडापर्यंत पोचली का, हे पाहायला मात्र अॅनिलिन ब्लू हे रंगद्रव्य आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप लागतो. त्यासाठी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचीच पायरी चढावी लागते.