उसाच्या फडाशेजारी घडलेले जगज्जेते

बर्लिन येथे ५ ऑगस्ट २०२३ रोजी जागतिक तिरंदाजी स्पर्धेतील कम्पाउंड प्रकाराचे वैयक्तिक अंतिम सामने झाले. महिलांचे सुवर्णपदक सतरा वर्षांच्या अदिती स्वामीने पटकावले आणि पुरुषांचे एकवीस वर्षांच्या ओजस देवतळेने. अदिती साताऱ्याजवळच्या शेरेवाडी या लहानशा गावची, तर ओजस मूळचा नागपूरचा. पण दोघांच्या सरावाची जागा एकच होती. साताऱ्यातील दृष्टी आर्चरी अकादमी आणि तेथील प्रशिक्षक प्रवीण सावंत यांचे नाव त्या दिवशी प्रथमच देशभर पोहोचले. उसाच्या शेतांच्या सान्निध्यात सराव करणाऱ्या मुलांच्या एका गटाने जगातील दोन सर्वोच्च पदके एकाच दिवशी घरी आणली, ही घटना भारतीय क्रीडाक्षेत्रात विरळाच म्हणावी लागेल.

सातारा जिल्ह्याला खेळाची परंपरा नवी नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक दिले. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर हिने २०१६ मध्ये रिओ येथे तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली आणि दहावे स्थान मिळवले. तालमीची माती किंवा धावण्याची वाट गावात सहज मिळते. तिरंदाजीचे तसे नाही. या खेळाला महागडे साहित्य लागते, मोकळे आणि सुरक्षित मैदान लागते आणि चुका वेळीच हेरणारा जाणकार लागतो. अशा खेळात एका निमशहरी जिल्ह्याने नाव कमावले ते कसे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दोन धनुष्ये

या यशाचा अर्थ समजून घेण्यासाठी तिरंदाजीतील दोन मुख्य प्रकारांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. ऑलिम्पिकमध्ये आजवर दिसत आलेले धनुष्य ते रिकर्व्ह. त्याची दोरी बोटांनी ओढली जाते आणि पूर्ण ओढ घेतल्यानंतर सगळा भार खेळाडूच्या बोटांवर, खांद्यावर व पाठीवर येतो. लक्ष्य ७० मीटरवर असते.

कम्पाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ओढली गेली, की या चाकांच्या रचनेमुळे हातावरचा भार निम्म्याहून कमी होतो. नेम धरण्यासाठी भिंग आणि बारीक पाणसळ असते, तर दोरी सोडण्यासाठी बोटांऐवजी खटक्याचे साधन वापरले जाते. लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. वैयक्तिक सामन्यात प्रत्येकी पंधरा बाण सोडायचे असतात आणि सर्व गुणांची बेरीज होते. उपकरण अचूक असल्याने खेळाडूकडूनही जवळजवळ निर्दोष कामगिरीची अपेक्षा असते.

बर्लिनमधील आकडेच याची साक्ष देतात. अदितीने अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असे हरवले. म्हणजे पंधरा बाणांपैकी चौदा थेट दहाच्या वर्तुळात आणि एक नऊवर. ओजसने तर पंधराही बाण दहावर मारले आणि पोलंडच्या प्रतिस्पर्ध्यावर १५०-१४९ अशी मात केली. त्याचा एक बाण जरी केसभर सरकला असता, तरी सामना बरोबरीत गेला असता.

कोरेगावच्या दोन अंगांना

सातारा आणि फलटण या तालुक्यांच्या मध्ये कोरेगाव तालुका पसरला आहे. त्याच्या एका अंगाला असलेल्या सातारा परिसराने अदिती दिली, तर दुसऱ्या अंगाच्या फलटण तालुक्याने त्याआधीच एक ऑलिम्पिकपटू दिला होता. सरडे या गावचा प्रवीण जाधव हा तो खेळाडू. या दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर ग्रामीण भागातील खेळाडू कसा घडतो, याची बरीच उकल होते.

प्रवीणचे आई-वडील मोलमजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाने त्याला आधी धावण्याच्या सरावाला लावले. पुढे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची निवड झाली आणि अमरावती येथे तिरंदाजीचे रीतसर शिक्षण मिळाले. त्यानंतर सैन्यदलात नोकरी आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव, असा त्याचा प्रवास झाला. निवास, आहार, साहित्य आणि उदरनिर्वाह यांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने शासनाने व सैन्याने उचलली. त्याचा प्रकार रिकर्व्ह, म्हणजे ऑलिम्पिकचा. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासह त्याने सांघिक रौप्यपदक मिळवले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने रशियाच्या गलसान बाझारझापोव्हला ६-० असे नमवले आणि पुढच्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून तो पराभूत झाला. २०२४ मध्ये पॅरिसलाही तो भारतीय संघात होता.

अदितीची वाट घरातून निघाली. शिक्षकी पेशातील वडिलांनी मुलीला खेळाची गोडी लागावी म्हणून साताऱ्याच्या शाहू क्रीडासंकुलात नेले. तेथे वेगवेगळे खेळ चालले होते. शाळकरी वयाच्या अदितीची नजर एका कोपऱ्यात नेम धरून उभ्या असलेल्या मोजक्या मुलांवर खिळली. पुढे तिच्या सरावासाठी कुटुंबाने गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केले आणि साहित्यासाठी कर्जही काढले. कम्पाउंडचे आयात केलेले धनुष्य आणि त्यासोबतचे साहित्य यांचा खर्च लाखाच्या वर सहज जातो. बाण तर वरचेवर बदलावे लागतात. शिवाय वाढत्या वयाच्या मुलीची उंची आणि ताकद बदलली, की धनुष्यही बदलावे लागते.

गटाचे बळ

तिरंदाजी वरवर पाहता एकट्याचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात तो गटाने वाढतो. सांघिक सामन्यात तीन खेळाडू प्रत्येक फेरीत दोन-दोन बाण सोडतात. सहा बाणांसाठी मिळून दोन मिनिटे मिळतात. एकाने रेंगाळून वेळ घेतला, तर त्याचा भार उरलेल्या दोघांवर पडतो. दररोज आपल्याइतक्याच किंवा आपल्याहून सरस खेळाडूच्या शेजारी उभे राहून शेकडो बाण सोडण्याची सवय असेल, तर हा ताण पचतो. नागपूरसारखे मोठे शहर सोडून ओजसने साताऱ्याची वाट धरली, ती सावंत यांच्या मार्गदर्शनासाठी. चांगला प्रशिक्षक एका जागी टिकून राहिला, तर खेळाडूंचा ओघ शहराकडून गावाकडेही वळू शकतो, हे त्यातून दिसले.

२०२३ या एका वर्षात या सरावाचे फळ ओळीने मिळत गेले. जूनमध्ये कोलंबियातील मेडेलिन येथील विश्वचषकात अदितीने ७२० पैकी ७११ गुण नोंदवून अठरा वर्षांखालील गटाचा जागतिक विक्रम केला. जुलैमध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे ती याच वयोगटात जगज्जेती ठरली. जेमतेम महिनाभराने बर्लिनमध्ये ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्या साथीने तिने मेक्सिकोला २३५-२२९ असे हरवून भारताला जागतिक तिरंदाजी स्पर्धेतील पहिलेवहिले सुवर्णपदक मिळवून दिले आणि दुसऱ्याच दिवशी वैयक्तिक विजेतेपदही जिंकले. उपान्त्य फेरीत तिच्यासमोर होती ती संघातील तिची ज्येष्ठ सहकारी ज्योती. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने कम्पाउंडची पाचही सुवर्णपदके जिंकली. त्यांपैकी तिन्हींत पुरुषांच्या बाजूने ओजस होता, तर अदितीने सांघिक सुवर्णासह वैयक्तिक कांस्यपदक मिळवले. दोघांनाही २०२३ चा अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

पदकाआधीची वर्षे

या यशोगाथेला दुसरी बाजूही आहे. कम्पाउंड प्रकाराला जागतिक स्पर्धेत १९९५ पासून आणि आशियाई स्पर्धेत २०१४ पासून स्थान असले, तरी ऑलिम्पिकचे दार त्याला दीर्घकाळ बंद होते. आपल्याकडे शासकीय साहाय्य, नोकऱ्या आणि प्रायोजक यांचा ओढा स्वाभाविकपणे ऑलिम्पिक प्रकारांकडे असतो. त्यामुळे कम्पाउंड निवडणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना बराच काळ स्वतःच्या खिशावर विसंबावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिम्पिकसाठी कम्पाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला मान्यता मिळाली. हा निर्णय दिलासा देणारा असला, तरी त्यात एका देशाची एकच जोडी उतरते. एक पुरुष आणि एक महिला, एवढ्याच दोन जागांसाठी देशभरातील सर्व कम्पाउंड तिरंदाजांत चुरस असणार आहे. जगज्जेतेपद मिळवलेल्या खेळाडूलाही तेथे जागा गृहीत धरता येणार नाही.

प्रवीणच्या वाटेवर शिक्षक, प्रबोधिनी आणि सैन्यदल असे तीन हात एकामागून एक पुढे आले. अदितीच्या वाटेवर घर आणि एक प्रशिक्षक एवढेच होते. दोन्ही वाटा शिखराकडे गेल्या, पण दुसऱ्या वाटेवरचा धोका सर्वस्वी कुटुंबाने पत्करला होता. पदक मिळाल्यावर सत्कार होतात, बक्षिसे जाहीर होतात. खरी गरज असते ती पहिले धनुष्य हाती घेतल्यापासून पहिले पदक गळ्यात पडेपर्यंतच्या पाच-सहा वर्षांत. सरडे आणि शेरेवाडी यांच्या दरम्यान कोरेगाव, खटाव, माण या तालुक्यांत शेकडो गावे आहेत आणि तेथील शाळांतही स्थिर नजरेची मुले आहेत. त्यांच्यासाठी पन्नास मीटरचे सुरक्षित मैदान, सामायिक वापराची चार धनुष्ये आणि गावाच्या जवळपास टिकून राहणारा एक प्रशिक्षक एवढी सोय तालुक्याच्या पातळीवर झाली, तर पुढच्या अदितीच्या वडिलांना कर्जाच्या अर्जावर सही करावी लागणार नाही.