फजरनंतर, कालव्याच्या काठाने

फजरची नमाज आटोपून आम्ही सायकली बाहेर काढतो तेव्हा बारामती अजून पुरती जागी झालेली नसते. दूधवाले, पेपर टाकणारी पोरे आणि पहिल्या एस.टी.साठी पिशव्या घेऊन निघालेली माणसे, एवढीच वर्दळ. दहा-पंधरा मिनिटांत गाव मागे पडते आणि निरा डाव्या कालव्याच्या काठचा रस्ता लागतो. मग पुढचा तास-दीड तास ना हॉर्न, ना धूर. एका बाजूला संथ वाहणारे पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि वरून जाणारे बगळ्यांचे थवे.

पहिल्या दिवशी एका पाटकरी काकांनी आम्हाला अडवले होते. "काय ओ सर, गाडी इकली का काय?" त्यांच्या लेखी पगारदार मास्तर बायकोला घेऊन सायकलवर दिसतो, म्हणजे घरात काहीतरी अडचण आली असणार. "गाडी आहे घरी, व्यायामाला निघालोय," म्हटल्यावर ते हसले. "आमचा जलम गेला सायकलवर, तवा त्याला कुणी व्यायाम म्हणलं न्हाई."

काकांचे खरे होते. आमचे अब्बासुद्धा सायकलवरच बाजार करायचे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, शिकलगार, आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची रोजीरोटी एका काळ्या सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली असे. पहाटे निघायचे, गावोगावचा आठवडी बाजार करायचा आणि मगरिबला डायनॅमोच्या उजेडात घरी परतायचे. तीच सायकल दुपारी पळवून आम्ही नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो आणि गुडघे फोडून घेतले. पुढे मोटारसायकल आली, कर्जाने का होईना पण आली, आणि सायकल म्हणजे गरिबीची खूण होऊन बसली.

आमच्या घरात ती परत आली डॉक्टरांमुळे. आमच्यातल्या एकाच्या रक्तात साखर निघाली. (साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहायचे आणि रक्तातही साखर, हा विनोद डॉक्टरांनीच केला.) रोज चाला म्हणाले. चालू लागलो, तर दुसऱ्याच आठवड्यात गुडघे बोलू लागले. सायकलवर शरीराचा भार सीटवर जातो, गुडघ्यांवर कमी येतो, म्हणून मग सायकल. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो होतो. स्वतःवर लागू करायला चाळिशी उलटावी लागली.

पण रस्ता कोणता? बारामती-इंदापूर हा मुख्य रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा. संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. आता तो चौपदरी पालखी महामार्ग झाला आहे. गाड्यांना सोय झाली, पण सायकलवाल्याच्या कानाजवळून ट्रक जातो तेव्हा कलमा आठवतो. उलट, वाहने मोठ्या रस्त्याला गेल्यामुळे कालव्याचा रस्ता आणखी मोकळा झाला.

हा कालवा साधा नाही. १८७६-७७च्या दुष्काळात हा मुलूख होरपळला. त्यानंतर इंग्रज सरकारने निरा नदीच्या डाव्या अंगाने तो काढला आणि त्याला पाणी मिळावे म्हणून भोरकडे येळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधले. आज उभे आहे ते मोठे धरण १९२०च्या दशकातले. पुढे खुद्द निरेवर वीर धरण झाले. तिथून निघालेला कालवा पुरंदर, बारामती करत इंदापूर तालुक्यापर्यंत जवळजवळ दीडशे किलोमीटर जातो.

सायकलवाल्याला त्यात कामाची गोष्ट एकच. कालव्याचे पाणी पंपाने नाही, उताराने वाहते. तो उतार इतका बेताचा ठेवलेला असतो की डोळ्याला कळत नाही. टेकाड आले की कालवा त्याला वळसा घालतो, चढत नाही. म्हणून काठचा रस्ता वळणावळणाचा पण सपाट. गिअरच्या महागड्या सायकलीची गरज नाही, शेजाऱ्याच्या पोराची जुनी सायकलसुद्धा चालते. दमवते ती हवा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा इंदापूरच्या दिशेने जाताना आपण मोठे सायकलपटू आहोत असे वाटते आणि परतताना तो भ्रम उतरतो.

आणखी एक गोष्ट सायकलच्या वेगानेच दिसते. कालव्याचे पाणी उताराकडे, म्हणजे दक्षिणेला नदीच्या बाजूलाच जाऊ शकते. त्यामुळे उजवीकडे हिरवागार ऊस आणि डावीकडे थोडे वर चढले की माळ, बाभळी, मेंढरांचे कळप. बागायत आणि जिरायत हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे शिकवले, पण दोहोंमधली रेघ पायाखालून जाताना पहिल्यांदा पाहिली. एकाच तालुक्यात एका गावाला पाण्याची पाळी आणि दुसऱ्याला टँकर, आणि मध्ये हा दहा-बारा फुटांचा रस्ता.

डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरची सायकलवाट आहे. जगभरातून लोक तिथे येतात. त्या वाटेचा बराच भाग मुळात घोड्यांनी नावा ओढायचा रस्ता होता. आपल्याकडचा रस्ताही कालव्याच्या देखरेखीसाठीच झाला. फरक इतकाच की तिथे पाट्या आहेत आणि इथे कुठे डांबर, कुठे मुरूम, कुठे नुसते बाभळीचे काटे. काटा दिसला की आम्ही उतरून बाजूला टाकतो. वाटेतला त्रास दूर करणे हे सदकाच आहे, शिवाय पंक्चरही वाचते.

खरा प्रश्न वेगळाच उभा राहिला. अकरावीतली आमची लेक म्हणाली, "मलाही यायचंय." तिच्या दादीने तिथेच सुनावले, "लडकी जात है, लोकां क्या बोलेंगे?" लोकांचे आम्ही फार मनावर घेतले नाही. रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे दादीलाही ठाऊक होते. ओढणीला दोन्ही बाजूंनी पिना लावल्या, सलवारीचा पायचा साखळीत जाऊ नये म्हणून रबर बांधले, आणि ती आमच्याबरोबर येऊ लागली. महिन्याभरात पुढेही जाऊ लागली.

मग ती म्हणाली, "कॉलेजलाही याच रस्त्याने जाते. एकटी."

इथे आम्ही अडलो. शांत रस्ता आणि सुनसान रस्ता, दोन्ही एकच. आम्ही दोघे असताना जी शांतता सुखाची वाटते, तीच ती एकटी असेल या विचाराने छातीत धडधड करते. उसाच्या दोन भिंतींमधून जाणाऱ्या वाटेवर हाक मारली तर कोण ऐकणार? मोठ्या रस्त्यावर ट्रकची भीती, इथे माणूस नसण्याची. तिला नाही म्हणायला आमच्याकडे धर्माचा आधार नव्हता, समाजाचा आम्हाला नको होता, आणि काळजीचा मात्र खरा होता. मुलाने विचारले असते तर इतके अडलो असतो का, हेही तिने विचारले. नसतो अडलो. मुलांनाही अपघात होतात, तरी नसतो.

दुसरी काळजी हंगामाची. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की या रस्त्यावरही उसाचे ट्रॅक्टर येतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, वर मोठ्याने गाणी. तेव्हा आम्ही उजाडल्याशिवाय निघत नाही आणि ट्रॉली दिसली की खाली उतरून उभे राहतो. त्याच दिवसांत बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या काठाला पडतात. अंधारात मोळ्या वाहणाऱ्या आईमागे फिरणारी शाळेच्या वयाची पोरे दिसतात. आम्ही शिक्षक, आणि आम्ही बघत पुढे जातो. हे लिहितानाही बरे वाटत नाही.

पाण्याचेही सांगायला हवे. अस्तर केलेल्या ठिकाणी काठ शेवाळाने निसरडा असतो, पडलेल्याला वर येता येत नाही. वुजूसाठी कालव्यात उतरू नये, बाटलीतल्या पाण्यात वुजू होतो. वाहत्या नदीवरही पाणी जपून वापरायचे, हेच तर आपल्याला शिकवले आहे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून निघावे आणि खिशात चार खजूर ठेवावेत. एकदा अर्ध्या वाटेत घाम फुटून हात थरथरले होते, तेव्हा खजुरानेच निभावले.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही तिघे सोनगावपर्यंत गेलो, कऱ्हा आणि निरेच्या संगमावर. कऱ्हा कोरडी होती. निरेत थोडे पाणी होते, पण एका वळणावर त्याला असा वास आला की लेकीने ओढणी नाकाला लावली. "मासे कसे राहत असतील?" म्हणाली. जवळच कपडे धुणाऱ्या बायकांनी तिला बोलावून घेतले, कुठली, कुणाची, किती शिकतेस, सगळे विचारले. सायकल कितीला पडली तेही विचारले. एकीने, "माझ्या पोरीला शिकवशील का?" म्हटले. आम्ही लांब उभे राहून पाहत होतो. उशिरा लक्षात आले की रस्ता सुनसान नसतो. तिथे कोण कोण असते हे आम्हाला माहीत नव्हते, इतकेच.

त्यानंतर आम्ही एक काम केले. कालव्यावरच्या तिच्या वाटेतले लोक ओळखीचे करून घेतले. पाटकरी काका, दूध संकलनाचा पोरगा, पुलाजवळ पहाटे चहाची टपरी उघडणारी बाई. मोहल्ल्यातल्या आणखी दोन घरांतल्या मुली रविवारी आमच्याबरोबर येऊ लागल्या आहेत. त्यातल्या एकीच्या अम्मीने चाळिसाव्या वर्षी तोल सावरायला शिकून घेतले, तेही नवऱ्याला न सांगता.

सध्या लेक दुसऱ्या पुलापर्यंत एकटी जाते. तिथे पाटकरी काका तिला नावाने ओळखतात आणि ती गेली की हात वर करतात. पुलापुढचा तुकडा मैत्रिणी बरोबर असतील तरच. दादी अजून या विषयावर बोलत नाही. फक्त फजरनंतर दाराची कडी स्वतः काढते.